चहाला आलेला वाघ रंगमंचावर : चित्रपुस्तकाच्या माध्यमांतरातील काही प्रश्न

प्रास्ताविक

ज्युडिथ केर या लेखिका-चित्रकर्तीचे 'द टायगर हू केम टू टी' हे चित्रपुस्तक १९६८ साली लंडन येथे प्रसिद्ध झाले. मोठ्याने वाचून दाखवावयास त्याला पाच-सहा मिनिटे पुरतात. याच पुस्तकावर आधारलेला, डेव्हिड वुड यांनी संहिता लिहून दिग्दर्शित केलेला नाट्यप्रयोग २००८ साली रंगमंचावर आला. त्याची लांबी सुमारे ५५ मिनिटांची आहे. मधली पन्नास मिनिटे कशाने भरली गेली आणि ती भरताना पुस्तकातील काय हलले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय आपल्याकडील अभ्यासकांना काहीसा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. बालसाहित्याची समीक्षा आपल्या विद्यापीठीय चर्चेत मुळात अल्प; चित्रपुस्तकाची त्याहून अल्प; आणि बालनाट्याविषयी लिहिले जाते ते बहुधा आठवणींच्या किंवा गौरवलेखांच्या स्वरूपात. माध्यमांतराची चर्चा होते तीही प्रामुख्याने कादंबरी आणि चित्रपट यांच्या संदर्भात. वास्तविक माध्यमांतराचे मूलभूत प्रश्न चित्रपुस्तकाच्या बाबतीत अधिक उघडे पडतात, कारण येथे मूळ कलाकृतीच दोन माध्यमांची बनलेली असते. कादंबरीवरून नाटक करणारा लेखक शब्दांकडून दृश्याकडे जातो. चित्रपुस्तकावरून नाटक करणाऱ्यास दृश्य आधीच मिळालेले असते, आणि तीच त्याची खरी अडचण ठरते.

शीर्षकातील 'टी' या शब्दाविषयी आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. इंग्रजी मध्यमवर्गीय घरातील हा 'टी' म्हणजे केवळ चहाचा पेला नव्हे. सँडविच, बन, बिस्किटे, केक असा तो संध्याकाळचा फराळ असतो. 'चहाला आलेला वाघ' असे मराठीत म्हटले की वाघाच्या हाती बशी येते. मुळात मात्र तो जेवणाच्याच बेताने आलेला आहे.

पुस्तकाची घडण

कथा अगदी थोडक्यात सांगता येते. सोफी नावाची लहान मुलगी आणि तिची आई स्वयंपाकघरात फराळाला बसल्या आहेत. दाराची घंटा वाजते. दूधवाला असणार नाही, किराणावाल्याचा पोऱ्या असणार नाही, बाबा असणार नाहीत, असे एकेक शक्यता बाद करत आई विचार करते. दार उघडल्यावर समोर एक मोठा, केसाळ, पट्टेदार वाघ उभा असतो. भूक लागली आहे, फराळाला बसू का, असे तो विचारतो आणि आई त्याला आत घेते. मग तो टेबलावरचे, शेगडीवरचे, फ्रिजमधले, कपाटातले सर्व काही खातो; दूध, संत्र्याचा रस, बाबांची बिअर आणि अखेरीस नळातले सगळे पाणीही पितो. आभार मानून निघून जातो. बाबा घरी येतात, हकिगत ऐकतात आणि सर्वांना उपाहारगृहात जेवावयास नेतात. दुसऱ्या दिवशी मायलेकी भरपूर बाजार करतात, त्यात वाघाच्या खाण्याचा एक भला मोठा डबाही आणतात. वाघ मात्र परत कधीच येत नाही.

या कथेत संघर्ष नाही. वाघाला कोणी हाकलत नाही, फसवत नाही, धडाही शिकवत नाही. आपल्या लोककथेत भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी वाघाला युक्तीने चकवते. वाघ भेटला की युक्ती सुचलीच पाहिजे, हा लोककथेचा नियम आहे. केर यांच्या पुस्तकात तो मोडलेला आहे. बालसाहित्य या विषयाच्या तासाला हे पुस्तक वाचून दाखविले असता एका विद्यार्थिनीने विचारले की, आई काहीच कशी बोलत नाही. प्रश्न योग्य आहे. वाघ घरात असेपर्यंत आई वाघाला विरोध म्हणून एक अक्षरही बोलत नाही. तिची अडचण वाघ गेल्यानंतर शब्दांत येते, आणि तीही बाबांच्या जेवणाची.

जे शब्द सांगत नाहीत ते चित्रे सांगतात. शब्दांत वाघ शिष्ट आणि नम्र आहे. चित्रांत तो प्रचंड आहे, टेबलावर ओणवा झालेला आहे, स्वयंपाकघर त्याला पुरत नाही. शब्दांत सोफीच्या भावनेचा उल्लेख जवळजवळ नाही. चित्रांत ती त्याच्या अंगाला बिलगते, त्याच्या शेपटीशी खेळते. पेरी नोडलमन यांनी 'वर्ड्स अबाउट पिक्चर्स' (१९८८) या ग्रंथात शब्द आणि चित्र यांचे नाते परस्परांना मर्यादित करणारे आणि म्हणून उपरोधाचे असते असे प्रतिपादन केले आहे. त्याचे यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण. या चित्रांची पार्श्वभूमी बहुतांशी कोऱ्या पांढऱ्या कागदाची आहे. खोलीच्या भिंती नाहीत, खिडकी नाही. आवश्यक तेवढेच टेबल, तेवढेच कपाट. बाकीचे घर वाचणाऱ्या मुलाने आपल्या घरावरून भरून घ्यावयाचे आहे.

दुसरी बाब पान उलटण्याची. बार्बरा बेडर यांनी १९७६ सालीच चित्रपुस्तकाच्या व्याख्येत पान उलटण्यातील नाट्याला स्थान दिले होते. येथे घंटा वाजल्यानंतरचा सगळा तर्क एका बाजूला आणि उघडलेले दार दुसऱ्या बाजूला आहे. त्या दोहोंमध्ये किती वेळ जाऊ द्यावयाचा हे वाचून दाखविणारी आई किंवा आजोबा ठरवितात, किंवा मूल स्वतःच घाईने पान ओढते. वाघ दारात केव्हा येणार, ही सत्ता वाचकाच्या बोटांत असते. रंगमंचावर ती दिग्दर्शकाकडे जाते. माध्यमांतरातील हा पहिला आणि कोणत्याही कौशल्याने भरून न निघणारा तोटा होय. लिंडा हचन यांनी 'अ थिअरी ऑफ अडाप्टेशन' (२००६) मध्ये सांगणे, दाखविणे आणि सहभागी करून घेणे असे गुंतण्याचे तीन प्रकार मानले आहेत. चित्रपुस्तक या तिन्हींमध्ये एकाच वेळी असते, हे त्यांच्या विवेचनातून पुरेसे स्पष्ट होत नाही असे वाटते.

वाघाचा अर्थ

ज्युडिथ केर यांचा जन्म १९२३ साली बर्लिनमध्ये झाला. वडील आल्फ्रेड केर हे जर्मनीतील अत्यंत प्रभावी नाट्यसमीक्षक होते. महाकाव्य, भावकाव्य आणि नाटक यांच्या जोडीने समीक्षा हा साहित्याचा चौथा प्रकार आहे असे ते मानीत. ज्यू असल्यामुळे आणि हिटलरचे उघड विरोधक असल्यामुळे त्यांना १९३३ च्या आरंभी देश सोडावा लागला, पाठोपाठ कुटुंबही गेले, आणि त्याच वर्षी त्यांची पुस्तके जाळण्यात आली. स्वित्झर्लंड, पॅरिस आणि अखेर १९३६ साली लंडन, असा या कुटुंबाचा प्रवास झाला. 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट' (१९७१) या कादंबरीत ज्युडिथ केर यांनी तो मांडला आहे.

या चरित्राच्या प्रकाशात, अवचित दाराची घंटा वाजणे आणि घरातील सर्व काही घेऊन जाणारा पाहुणा, यांत नाझी पोलिसांच्या भीतीचा पडसाद असावा असे मायकेल रोझन यांनी सुचविले. केर यांनी ते स्वीकारले नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वाघ हा वाघच आहे. पती नायजेल नील कामानिमित्त बाहेर असत, मायलेकी घरी कंटाळत, प्राणिसंग्रहालयात जात; कोणीतरी यावे असे वाटे; त्यातून मुलीला झोपताना सांगितलेली ही गोष्ट. नळातले सगळे पाणी पिणे वास्तवाला धरून नाही असा आक्षेप प्रकाशनाच्या वेळी घेण्यात आला होता आणि केर यांनी तो मानला नाही, हेही त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. वाघ चहाला येणे चालते, पण नळ कोरडा पडणे चालत नाही, हा आक्षेप उद्बोधक आहे. आपल्याकडील दुष्काळी तालुक्यातील मुलाला यातील नळाचाच भाग सर्वांत वास्तव वाटला असता.

लेखकाचा नकार हा अर्थनिर्णयाचा शेवट नसतो, हे समीक्षेला नवीन नाही. रोझन यांचे वाचन पूर्णतः टाकाऊ नाही. तरी ते स्वीकारले तर सोफी वाघाला का बिलगते, याचे उत्तर मिळत नाही. ज्याची भीती वाटावी त्याची शेपटी कवटाळावीशी वाटते, ही मुलाची अवस्था येथे केंद्रस्थानी आहे. दुसऱ्या दिवशी डबा विकत आणला जातो तो भीतीपोटी नव्हे, तो पुन्हा आलाच तर त्याची सोय असावी म्हणून. एका अर्थी हे पुस्तक वाट पाहण्याविषयीचे आहे. आरंभी कोणाचीच वाट पाहिलेली नसताना कोणीतरी येते. शेवटी वाट पाहिली जाते आणि कोणी येत नाही.

पुस्तकाला या अर्थांमध्ये निवड करावी लागत नाही. रंगमंचाला ती करावी लागते. वाघाचे सोंग आत शिरले की ते किती उंच, किती मऊ, किती संथ, हे ठरलेले असते. केर यांचा वाघ पानापानाला चेहरा बदलतो. कधी डोळे मिटून तृप्त, कधी तिरक्या नजरेने लबाड. पूर्ण अंगभर चढविलेल्या वाघवेषाला एकच चेहरा असतो. त्यामुळे वाघाच्या मनातील सर्व हालचाल नटाला मान, पंजे आणि शेपटी यांच्यावर सोपवावी लागते, आणि ते साधले नाही तर वाघ हा केवळ मोठे खेळणे होऊन बसतो.

रंगसंहिता : काय वाढले

डेव्हिड वुड हे इंग्रजी बालरंगभूमीवरील ज्येष्ठ नाटककार. 'द जिंजरब्रेड मॅन' (१९७६) हे त्यांचे स्वतंत्र नाटक, रोआल्ड डाल यांच्या 'द बीएफजी' आदी पुस्तकांची त्यांनी केलेली नाट्यरूपांतरे आणि बालनाट्याच्या लेखन-दिग्दर्शनाविषयी १९९७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ, ही त्यांची ओळख पुरेशी आहे. ते स्वतः जादूचे प्रयोग करणारे आहेत, ही गोष्ट मात्र प्रस्तुत संदर्भात ध्यानी ठेवावी. 'टायगर' चा प्रयोग २०११ साली लंडनच्या वेस्ट एंड भागातील व्हॉडेव्हिल थिएटरमध्ये झाला आणि २०१२ साली त्यास ऑलिव्हिये पुरस्कारांत मनोरंजन आणि कौटुंबिक प्रयोग या विभागात नामांकन मिळाले.

वुड यांच्यासमोरील पहिला प्रश्न असा, की पुस्तकात वाघ तिसऱ्या-चौथ्या पानावरच येतो. नाटकात तो इतक्या लवकर आणला तर पुढे काय उरणार? म्हणून त्यांनी पुस्तकाच्या आधीची सकाळ लिहिली. बाबा कामाला निघतात, दूधवाला येतो, टपालवाला येतो, सोफी आणि आई दिवसाचा वेळ काढतात. पुस्तकात आईने जी माणसे केवळ नकारार्थी उच्चारली, त्यांच्यापैकी काही येथे दारात प्रत्यक्ष उभी राहतात. ही युक्ती नाट्यतंत्राच्या दृष्टीने अत्यंत सयुक्तिक आहे. दाराची घंटा वारंवार वाजल्यामुळे बालप्रेक्षकास घंटेची सवय लागते, आणि सवय लागल्यानंतरच अवचित येणे शक्य होते. पान उलटण्याची सत्ता हिरावून घेतल्यानंतर तिच्याऐवजी मुलांना देण्यासारखे जे होते ते वुड यांनी दिले आहे. वाघ येणार हे प्रत्येक मूल घरूनच जाणून आलेले असते; केव्हा येणार एवढेच ठाऊक नसते.

दुसरी वाढ खाण्याच्या प्रसंगाची. पुस्तकात वाघाने काय काय खाल्ले याची यादी आहे, आणि यादी ही लहान मुलांची आवडती रचना होय. परंतु रंगमंचावर यादी ऐकविणे पुरेसे नसते. वेष चढविलेला नट तोंडात घास घालू शकत नाही. घातला तरी मुखवट्याच्या आत तो जाणार कोठे? येथे वुड यांच्यातील जादूगार उपयोगी पडतो. ताटातील पदार्थ, भांड्यातील पेय प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत नाहीसे होते. पुस्तकात भरलेले ताट आणि रिकामे ताट यांच्यामध्ये जी फट आहे ती वाचक मनाने भरतो. रंगमंचावरील हातचलाखीतही नेमकी तीच फट आहे. भरलेले दिसते, रिकामे दिसते, मधले दिसत नाही. वास्तववादी अभिनयाने जे साधले नसते ते जादूने साधले आहे, आणि मूळ पुस्तकाशी या प्रयोगाची निष्ठा मला याच ठिकाणी सर्वाधिक जाणवते.

तिसरी वाढ गाण्यांची आणि प्रेक्षकांच्या सहभागाची. येथे मात्र मतभेद नोंदविणे भाग आहे. इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास होणाऱ्या पँटोमाइमची परंपरा दीर्घ आहे. प्रेक्षागारातील मुलांनी पात्राला ओरडून सावध करणे हा तिचा संकेत आहे. तो आपल्याला परका नाही. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' मधील चेटकीण आणि समोरची मुले यांच्यातील देवघेव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या संकेताची ताकद निराळी सांगावयास नको. एके काळी दिलीप प्रभावळकर आणि २०१८ च्या पुनरुज्जीवित प्रयोगात वैभव मांगले या पुरुष नटांनी ती भूमिका केली, आणि मुलांनी चेटकिणीला घाबरतच तिच्यावर प्रेम केले. तेथे मुलांचे ओरडणे कथेच्या आतले असते. चेटकिणीचे डाव मुलांना ठाऊक असतात आणि नायकाला नसतात.

'टायगर' मध्ये वाघ, सोफी आणि आई यांच्यासह मुलांनीही करावयाचे एक व्यायामगीत आहे. वाघ हात उंचावतो, मुलेही उंचावतात. वाघ वळतो, मुले वळतात. सभागृह खिदळते. पंचावन्न मिनिटे एका जागी बसविलेल्या तीन वर्षांच्या मुलांच्या अवयवांना मोकळीक हवी असते, ही व्यावहारिक गरज मान्य केली पाहिजे. बालनाट्य लिहिणाऱ्याला मुलांच्या लघवीची वेळसुद्धा गणितात धरावी लागते. परंतु या गीतामुळे वाघाचे स्थान पालटते. पुस्तकातील वाघ कोणाचेही मनोरंजन करीत नाही. तो येतो, घेतो, आणि जातो. त्याच्या घेण्यात निसर्गाचा, पावसाचा किंवा आजारपणाचा निरपेक्षपणा आहे. व्यायामगीतात तोच वाघ मेळाव्यातील ताई-दादा होतो. ज्याने घर रिकामे केले त्याने त्याची भरपाई खेळ शिकवून केली, असा नकळत हिशोब जुळतो, आणि पुस्तकाने जो हिशोब जुळवावयाचे नाकारले होते तो येथे जुळविला जातो. सहभाग हे बालनाट्यातील मूल्य खरे. परंतु सहभाग कथेतील कोणत्या स्थानावरून मागितला जातो, याला त्याहून अधिक महत्त्व आहे.

एकच नट

प्रयोगात तीनच नट आहेत. एक नटी सोफी, दुसरी आई. तिसरा नट बाबा, दूधवाला, टपालवाला आणि वाघही. अशा दुहेरी-तिहेरी भूमिका फिरत्या नाटक कंपनीला खर्चाच्या दृष्टीने सोयीच्या असतात, आणि येथेही कारण प्रथम तेच असणार. तरीही रंगमंचावर सोयीसाठी केलेली गोष्ट अर्थ धारण करते. बाबा गेल्यावर वाघ येतो. वाघ गेल्यावर बाबा येतात. दोघे एकत्र कधीच दिसत नाहीत. ही व्यवस्था मूळ पुस्तकातच होती, पण ती दृष्टीआड होती. एकाच देहाने दोघांना उभे केल्यावर ती लपत नाही.

२०२१ साली स्कॉटलंडमधील झीरो टॉलरन्स या स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने या पुस्तकावर आक्षेप घेतला. घरी राबणारी आई, बाहेरून येऊन तोडगा काढणारे बाबा, आणि नर वाघाच्या मागणीपुढे काहीही न बोलणाऱ्या दोघी, असे त्याचे स्वरूप होते. या आक्षेपाची ब्रिटिश वृत्तपत्रांनी बरीच थट्टा केली. थट्टा करण्यासारखा तो नव्हता. आमच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न हाच आहे, फक्त तिने तो कुतूहलाने विचारला. पुस्तकावर बंदी घालण्यासारखे त्यात काही नाही, पण आईचे गप्प राहणे ही वस्तुस्थिती आहे, आणि १९६८ सालच्या घराचे ते चित्र प्रामाणिक आहे. वाघ जे पितो त्यात बाबांची बिअर वेगळी नोंदविलेली असावी, आणि अन्न संपल्यानंतरची चिंता बाबांच्या ताटाची असावी, हे तपशील निर्हेतुक वाटत नाहीत. या घरात ज्याच्यासाठी सर्व राखून ठेवलेले असते असा एक जण आधीपासून आहे. वाघ त्याच्या वाट्याचे खातो.

म्हणून एकच नट बाबा आणि वाघ दोन्ही होतो तेव्हा प्रयोग पुस्तकापेक्षा एक पाऊल पुढे जातो असे मला वाटते. तो हेतुपूर्वक गेला असो वा नसो. बार्बरा वॉल यांनी 'द नॅरेटर्स व्हॉइस' (१९९१) मध्ये बालसाहित्यातील निवेदकाच्या संबोधनाचे प्रकार सांगताना, मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांना डोळा मारणारे संबोधन आणि दोघांशी एकाच वेळी समभावाने बोलणारे संबोधन असा भेद केला आहे. 'कौटुंबिक प्रयोग' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक नाटकांत पहिला प्रकार आढळतो. मुलांसाठी माकडचेष्टा आणि पालकांसाठी मधूनच एखादी द्व्यर्थी कोटी. येथे तसे नाही. तीन वर्षांच्या मुलासाठी बाबा आणि वाघ हे निःसंशय दोन असतात. सात वर्षांचे मूल वेषाच्या आत कोण आहे हे हुडकून शेजारच्याला सांगते. शेजारी बसलेल्या आईला त्याच दृश्यात आणखी काही दिसते. तिघांनाही दृश्य एकच मिळते, आणि कोणाच्या डोक्यावरून काही जात नाही. २०१९ साली चॅनेल फोरने नाताळच्या पूर्वसंध्येला प्रसारित केलेल्या चलच्चित्रपटात बाबांचा आवाज बेनेडिक्ट कंबरबॅच यांचा आणि वाघाचा डेव्हिड ओयेलोवो यांचा होता. खर्चाची अडचण नसलेल्या माध्यमात दोघे पुन्हा वेगळे झाले, आणि हा अर्थ मावळला.

अंधारातला रस्ता

पुस्तकातील माझ्या मते सर्वांत सुंदर चित्र वाघाचे नाही. वाघ गेल्यानंतर तिघे अंधारात बाहेर पडतात, रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात, मोटारींचे दिवे चमकत असतात. सोफीने झोपण्याच्या झग्यावर कोट चढविला आहे. एरवी झोपण्याच्या वेळी आपण आज बाहेर चाललो आहोत, हा लहानपणीचा अपूर्व आनंद त्या एका चित्रात आहे. पांढऱ्या कागदाची सवय झालेल्या डोळ्यांना प्रथमच गडद रंग भेटतो. आणि रस्त्याच्या कडेला एक पट्टेदार मांजर आहे, ज्याविषयी शब्दांत चकार नाही. वाघ खरोखर कोण होता, याचे ते उत्तर आहे की मुलाच्या नजरेची चेष्टा, हे चित्र सांगत नाही. ज्या मुलाला ते मांजर दिसते, ते त्याचे एकट्याचे होते.

हे एकट्याचे असणे सभागृहात कसे आणावे? शेकडो जण एकाच दिशेने पाहत असताना जे महत्त्वाचे आहे ते प्रकाशझोताने दाखवावे लागते. झोत टाकला की ते सर्वांचे होते. रंगसंहितेचा भर म्हणून रस्त्यावर नाही, तो पुढच्या उपाहारगृहातील जेवणावर आहे. तेथे सॉसेज, बटाट्याच्या तळलेल्या कापा आणि आइस्क्रीम यांचे एक गाणे आहे, जिभेला गमतीने अडखळविणारे, आणि मुले ते म्हणतच घरी जातात असा सर्वांचा अनुभव आहे. गाण्याविषयी तक्रार नाही. परंतु दोन गजबजलेल्या प्रसंगांच्या मधली शांतता गमावली आहे, आणि तिची जागा दुसऱ्या कशानेही भरलेली नाही. रेमंड ब्रिग्ज यांच्या 'द स्नोमॅन' (१९७८) या निःशब्द चित्रपुस्तकाच्या रंगमंचीय रूपाशी येथे तुलना सुचते. मूळ पुस्तकात शब्दच नसल्यामुळे १९९३ साली बर्मिंगहॅममध्ये आलेल्या त्या प्रयोगाने नृत्य आणि संगीत यांचा आश्रय घेतला. मौन तेथे अटीतच होते. केर यांच्या पुस्तकात थोडे शब्द असल्यामुळे नाटककाराला आणखी शब्द घालण्याची मुभा मिळाली. थोडे शब्द असलेले पुस्तक हे निःशब्द पुस्तकापेक्षा माध्यमांतरात अधिक धोक्यात असते, असे यावरून म्हणावेसे वाटते.

आपल्याकडील स्थिती

मराठी बालरंगभूमीचे दोन प्रवाह ढोबळमानाने सांगता येतात. सुधा करमरकर यांनी १९५९ साली 'मधुमंजिरी' ने आरंभिलेला आणि मतकरींनी समृद्ध केलेला राजा-राक्षस-चेटकिणींचा अद्भुताचा प्रवाह. आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८६ साली 'छान छोटे वाईट्ट मोठे' या नाटकाने आणलेला ग्रिप्सचा वास्तवाचा प्रवाह, ज्यात मोठी माणसे मुलांची कामे करतात आणि घरातलेच प्रश्न रंगमंचावर येतात. ग्रिप्स ही बर्लिनची चळवळ. ज्या शहरातून केर कुटुंबाला पळावे लागले तेच हे शहर, एवढा योगायोग नोंदवून पुढे जाऊ.

'टायगर' ची गोष्ट या दोहोंपैकी कोणत्याही प्रवाहात नीट बसत नाही. अद्भुत येथे राजवाड्यात किंवा जंगलात नाही, ते स्वयंपाकघरात येऊन फ्रिज उघडते. आणि वास्तवाचा प्रश्नही येथे प्रश्न म्हणून मांडलेला नाही. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांनी घरातल्या साध्या दिवसाला जे स्थान दिले, त्यामुळे अशा रंगरूपाला लागणारी वाचकांची पिढी आपल्याकडे तयार झाली आहे. त्या पुस्तकांतील कोणा एखाद्याचे नाटक करावयाचे झाल्यास पहिला मोह गाणी वाढविण्याचा होईल, दुसरा बोध वाढविण्याचा. उन्हाळी सुट्टीत तिकीट काढून आलेल्या पालकांना दीड तासाचा ऐवज हवा असतो. लंडनच्या निर्मात्यांनी ५५ मिनिटांवर थांबण्याचा निर्णय घेतला, हा त्यांच्या प्रयोगातील सर्वांत धाडसी कलात्मक निर्णय म्हणावा लागेल. आपल्याकडे एवढ्या वेळेत मध्यंतरसुद्धा होत नाही, आणि मध्यंतरातील वड्यांवर नाट्यगृहाचे अर्थकारण किती अवलंबून असते हे व्यवस्थापकांना विचारावे.

प्रयोगाच्या शेवटाविषयी एक गोष्ट राहते. पुस्तकातील वाघ परत येत नाही. शेवटच्या चित्रात तो तुतारी फुंकून निरोप घेताना दिसतो, कोठून आणि कोणाला, हे सांगितलेले नाही. नाटकात पडदा पडण्यापूर्वी नटांनी वंदनासाठी यावयाचे असते. बाबा आणि वाघ एकच असल्यामुळे वंदनाला दोघांपैकी एकच येऊ शकतो. बाबा आले तर मुले वाघासाठी ओरडणार. वाघ आला तर तो कधीच आला नाही हे वाक्य खोटे ठरणार. कोणत्याही दिग्दर्शकाला या अडचणीतून सुटका नाही. दरम्यान त्या मोठ्या डब्याचे काय करावयाचे, हाही प्रश्न आहेच. नाटकात आधी दाखविलेली बंदूक नंतर उडालीच पाहिजे, असे चेकॉव्ह सांगत असे, आणि आपण नाट्यतंत्र शिकविताना ते विद्यार्थ्यांना सांगतो. हा डबा मात्र उघडावयाचा नाही. तो फळीवर तसाच बंद राहिला पाहिजे, दिवे मालवेपर्यंत, सर्वांना दिसेल असा.